मार्कोव्ह चेन आणि ट्रान्झिशन मॅट्रिक्सची गणितं: आधी वाक्य नीट वाचा, गुणाकार नंतर

मार्कोव्ह चेन म्हणजे उद्याची स्थिती फक्त आजच्या स्थितीवरून ठरते अशी साखळी, आणि कुठून कुठे किती प्रमाणात जातात हे मांडणारा आकड्यांचा तक्ता म्हणजे ट्रान्झिशन मॅट्रिक्स. ट्रान्झिशन मॅट्रिक्सच्या गणितात गुणाकार चुकल्यामुळे मार्क गेले असं फार कमी वेळा होतं, कारण गुणाकार तसाही कॅल्क्युलेटरच करतो. मार्क जातात ते त्याच्या आधीच, प्रश्नातलं वाक्य वाचून कुठला आकडा कुठल्या खणात टाकायचा हे ठरवताना, आणि नंतर शेवटी, आलेल्या उत्तराचा अर्थ लावताना. मधला भाग बटणं दाबायचा आहे. म्हणून इथे मधल्या भागावर कमी आणि दोन टोकांवर जास्त बोलू.

एकच उदाहरण घेऊ आणि त्यालाच पिळून काढू. एका शाळेत ५०० मुलं आहेत, प्रत्येक जण एकतर बसने येतो नाहीतर सायकलने. आज बसने आलेल्यांपैकी ७० टक्के उद्याही बसनेच येतात, उरलेले सायकल काढतात. आज सायकलने आलेल्यांपैकी २० टक्के उद्या बस पकडतात. सोमवारी ३०० जण बसने आले आणि २०० जण सायकलने.

आता मॅट्रिक्स. लिहायला घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, हे टक्के कोणाचे आहेत? ७० टक्के कोणाचे, तर आज बसने आलेल्यांचे. २० टक्के कोणाचे, तर आज सायकलने आलेल्यांचे. ज्यांचे टक्के त्यांचा कॉलम, बस्स. कॉलमच्या डोक्यावर "आज" लिहा आणि ओळींच्या डावीकडे "उद्या" लिहा, परीक्षेतही लिहा, त्याचे मार्क कोणी कापत नाही:

आज → बस, सायकल
उद्या बस: [ ०.७  ०.२ ]
उद्या सायकल: [ ०.३  ०.८ ]

या मॅट्रिक्सला टी म्हणू. ०.३ आणि ०.८ प्रश्नात दिलेले नव्हते, ते आपण एकातून वजा करून काढले, कारण आज बसने आलेला मुलगा उद्या कुठे ना कुठे तर जाणारच, म्हणून प्रत्येक कॉलमची बेरीज १ आलीच पाहिजे. ही बेरीज तपासणं सगळ्यांना माहीत असतं, पण ही तपासणी काय पकडत नाही ते फारसं कोणी सांगत नाही. समजा घाईत सायकलच्या कॉलममध्ये वर ०.८ आणि खाली ०.२ लिहिलं तर बेरीज तरीही १ च येते आणि सगळं छान दिसतं. प्रश्नात "२० टक्के बदलतात" आहे की "२० टक्के तसेच राहतात" आहे हे बेरीज नाही सांगणार, ते वाक्यच सांगणार. म्हणून माझं म्हणणं असं की आधी तिरके खण भरा, म्हणजे वर डावीकडून खाली उजवीकडे जाणारे. तिथे जे आहेत तिथेच राहणारे लोक असतात. बस ते बस ०.७, सायकल ते सायकल ०.८. हे दोन नीट बसले की बाकीचं आपोआप बसतं.

एक भानगड इथेच मिटवून टाकू. काही पुस्तकांत "आज" डावीकडे असतं आणि "उद्या" वर, मग ओळींची बेरीज १ येते आणि सुरुवातीचे आकडे उभे न लिहिता आडवे लिहून मॅट्रिक्सच्या डावीकडून गुणतात. शाळेच्या पातळीवर कॉलमवाली पद्धत जास्त भेटते, कॉलेजच्या प्रोबॅबिलिटीच्या पुस्तकांत ओळवाली. दोन्ही बरोबर आहेत, दोन्हींची उत्तरं सारखीच येतात, फक्त एकाच गणितात दोन्ही मिसळायच्या नाहीत. यूट्यूबवर एका पद्धतीचा व्हिडिओ बघून दुसऱ्या पद्धतीच्या पुस्तकातलं गणित सोडवायला बसलं की इथेच डोकं फिरतं. मी पुढे सगळीकडे कॉलमवालीच वापरणार आहे.

सोमवारची स्थिती म्हणजे एस०, उभी लिहायची, वर ३०० आणि खाली २००. मंगळवार काढायला टी गुणिले एस०, याच क्रमाने, उलट लिहिलं तर गुणाकारच होत नाही. कॅल्क्युलेटर आहे तरी पहिला गुणाकार एकदा हाताने करा, कारण त्यात नक्की काय चाललंय ते दिसतं:

बस: ०.७ × ३०० + ०.२ × २०० = २१० + ४० = २५०
सायकल: ०.३ × ३०० + ०.८ × २०० = ९० + १६० = २५०

ह्या चार छोट्या आकड्यांना नावं आहेत. २१० म्हणजे बसवरच राहिलेले, ४० म्हणजे सायकल सोडून बसमध्ये आलेले, ९० म्हणजे बस सोडून सायकलवर गेलेले, १६० म्हणजे सायकलवरच राहिलेले. परीक्षेतले निम्मे "समजावून सांगा" टाइप प्रश्न या चारांतच असतात. मंगळवारी किती जणांनी साधन बदललं? ९० + ४० = १३०. मंगळवारी सायकलने आलेल्यांपैकी किती टक्के सोमवारी बसने आले होते? इथे बरीच मुलं डोळे झाकून ३० टक्के लिहितात. पण परत तोच प्रश्न विचारा, टक्के कोणाचे? मंगळवारच्या सायकलवाल्यांचे, म्हणजे २५० जणांचे, त्यांतले ९० बसमधून आले, म्हणजे ३६ टक्के. ०.३ हा आकडा सोमवारच्या बसवाल्यांचा होता, त्याचा इथे थेट संबंध नाही. मॅट्रिक्स पुढे बघते, हा प्रश्न मागे बघतो, त्यामुळे त्याला खणातला आकडा उचलून चालत नाही, माणसं मोजावी लागतात.

बुधवारी: बस ०.७ × २५० + ०.२ × २५० = २२५, सायकल २७५. गुरुवारी बस २१२.५. हो, अर्धा मुलगा. घाबरायचं नाही आणि मुख्य म्हणजे इथे राउंड करायचं नाही. हे सरासरी अंदाज आहेत, मधल्या पायरीवर २१३ करून पुढे गेलात तर ती चूक पुढच्या प्रत्येक पायरीत जाते. शुक्रवारी २०६.२५ येतं, तिथे उत्तर मागितलं असेल तर शेवटी "अंदाजे २०६" लिहा.

आणि हो, शुक्रवार म्हणजे एस४, एस५ नाही. सोमवार शून्य धरलाय. "पाचव्या दिवशी किती" असं विचारलं आणि सोमवार पहिला दिवस असेल तर चारच उड्या मारायच्या. बोटांवर मोजा, लाज वाटायचं कारण नाही. दिवस नाही, दोन दिवसांमधल्या उड्या मोजायच्या असतात.

आता घात. एस२ काढायला एस१ न काढता थेट टीचा वर्ग गुणिले एस० करता येतं, आणि एस४ साठी टीचा चौथा घात. टीचा वर्ग असा येतो:

[ ०.५५  ०.३० ]
[ ०.४५  ०.७० ]

कॉलमची बेरीज इथेही १. पण वर डावीकडचा ०.५५ म्हणजे काय? सोमवारी बसने आलेला मुलगा बुधवारी बसने येण्याची प्रोबॅबिलिटी. मंगळवारी त्याने काय केलं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. दोन रस्ते आहेत, बस-बस-बस म्हणजे ०.७ × ०.७ = ०.४९, आणि बस-सायकल-बस म्हणजे ०.३ × ०.२ = ०.०६, मिळून ०.५५. मॅट्रिक्सचा गुणाकार हे ट्री डायग्रामच आहे, फक्त फांद्या काढायची कटकट वाचते. एकदा हे पटलं की "टीचा घात का घ्यायचा" हा प्रश्न उरतच नाही.

इथे परीक्षकांचा आवडता सापळा आहे. "सोमवारी बसने आलेला मुलगा शुक्रवारी बसने येईल याची प्रोबॅबिलिटी" आणि "सोमवारी बसने आलेला मुलगा पूर्ण आठवडा, शुक्रवारपर्यंत रोज बसनेच येईल याची प्रोबॅबिलिटी" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला टीचा चौथा घात लागतो, त्याचा वर डावीकडचा खण ०.४३७५ येतो. दुसऱ्याला मॅट्रिक्सची गरजच नाही, ०.७ चा चौथा घात, ०.२४०१. पहिल्यात मधे काहीही चालतं, दुसऱ्यात मधला एकेक दिवस ठरलेला आहे. "रोज", "सलग", "एकदाही न बदलता", "आधी हे मग ते" असं काही दिसलं की घात सोडा आणि रस्त्यावरचे आकडे एकापाठोपाठ एक गुणा.

पुढे काय होतं ते बघा. बसवाले ३००, २५०, २२५, २१२.५, २०६.२५. घसरण चालूच आहे पण दर वेळी निम्मी होतेय. २०० कडे चाललंय हे डोळ्यांनाच दिसतं. ही झाली स्टेडी स्टेट, स्थिर अवस्था. ती काढायचे दोन मार्ग. एक म्हणजे टीचा खूप मोठा घात घ्या, समजा ५० वा, मग ५१ वा, आणि दोन्ही सारखे दिसले की झालं. त्या मोठ्या घाताचे दोन्ही कॉलम एकसारखे होतात, वर ०.४ खाली ०.६, म्हणजे सुरुवात कुठूनही केली तरी शेवट तोच. सोमवारी पाचशेच्या पाचशे सायकलने आले असते तरी पुढे बसवाले २०० वरच गेले असते.

दुसरा मार्ग समीकरणाचा, आणि "एक्झॅक्ट उत्तर द्या" किंवा "सिद्ध करा" म्हटलं की हाच लागतो. स्थिर अवस्थेत टी गुणिले एस बरोबर एस. बसचा वाटा एक्स आणि सायकलचा वाय धरला तर पहिली ओळ: ०.७ एक्स + ०.२ वाय = एक्स, म्हणजे ०.३ एक्स = ०.२ वाय. दुसरी ओळ मांडून बघा, तेच समीकरण पुन्हा येतं. मुलं इथे अडकतात, दोन अनोळखी आणि समीकरण एकच, आता काय? दुसरं समीकरण मॅट्रिक्समध्ये नसतंच, ते आपण आणायचं: एक्स + वाय = १ किंवा थेट ५००. मग एक्स = ०.४, वाय = ०.६, म्हणजे २०० आणि ३००.

०.३ एक्स = ०.२ वाय याकडे परत एकदा बघा, कारण या धड्यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. डावीकडे बस सोडणारे, उजवीकडे बसमध्ये येणारे. २०० चे ३० टक्के ६०, ३०० चे २० टक्के पण ६०. म्हणजे स्थिर अवस्थेत कोणी हलत नाही असं नाही, रोज १२० मुलं साधन बदलतायत, पण इकडून ६० गेले की तिकडून ६० येतात, टाकीचे दोन्ही नळ सारख्याच वेगाने चालू असले की पाण्याची पातळी हलत नाही तसं. "लाँग टर्ममध्ये मुलं बदल करणं थांबवतात" असं लिहिलं की मार्क गेला.

दोन स्टेटचं, म्हणजे बस-सायकलसारख्या दोनच स्थितींचं, गणित असेल तर यातून एका ओळीत उत्तर निघतं. बस सोडण्याचं प्रमाण ०.३, सायकल सोडण्याचं ०.२, बसचा वाटा = ०.२ भागिले (०.३ + ०.२) = ०.४. लक्षात घ्या, वर सायकल सोडणाऱ्यांचा आकडा आला, बस सोडणाऱ्यांचा नाही. ते साहजिकच आहे म्हणा, समोरचे जितके जास्त सुटतील तितके आपल्याकडे जास्त. आणि हेच उलटं पण वापरता येतं: स्थिर वाटा ०.४ दिलाय, बस सोडण्याचं प्रमाण ०.३ दिलंय, मॅट्रिक्समधला दुसरा कॉलम शोधा म्हटलं तर सायकल सोडण्याचं प्रमाण क्यू धरा, ०.४ × ०.३ = ०.६ × क्यू, क्यू = ०.२.

आता ते निम्मं निम्मं कुठून आलं? दोन बाय दोनच्या मॅट्रिक्समध्ये तिरक्या खणांची बेरीज करा आणि १ वजा करा: ०.७ + ०.८ − १ = ०.५. दर पायरीला स्थिर आकड्यापासूनचं अंतर इतक्या पटीने कमी होतं. म्हणून बसवाल्यांचं थेट सूत्र मिळतं, एन दिवसांनी २०० + १०० × (०.५ चा एन वा घात). "बसवाले पहिल्यांदा २०५ च्या खाली कधी जातील" याला कॅल्क्युलेटरवर एकेक घात काढत बसायला नको, १०० × ०.५ चा एन वा घात ५ पेक्षा कमी हवा, म्हणजे २ चा एन वा घात २० पेक्षा मोठा, एन = ५. चौथ्या उडीला २०६.२५, पाचव्याला २०३.१२५, जुळलं. ज्यांना आयगेनव्हॅल्यू शिकवलंय त्यांना कळलंच असेल की ०.५ ही तीच आहे, ज्यांना शिकवलेलं नाही त्यांचंही त्यावाचून इथे काही अडत नाही.

हे सगळं एका खऱ्या डेट्यावर लावून बघायचं असेल तर स्वतः मार्कोव्ह यांचाच डेटा घ्या. आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञांनी १९१३ साली पुश्किनच्या "येवगेनी ओनेगिन" या काव्यकादंबरीतली सुरुवातीची २०,००० अक्षरं हाताने मोजली, स्वर किती, व्यंजनं किती, आणि कशानंतर काय येतं. कॉम्प्युटर नाही, काही नाही, कागद आणि चिकाटी. ८,६३८ स्वर आणि ११,३६२ व्यंजनं निघाली. स्वरानंतर लगेच स्वर येण्याचं प्रमाण ०.१२८ आणि व्यंजनानंतर स्वर येण्याचं ०.६६३. कॉलम भरा, स्वरातून: ०.१२८ आणि ०.८७२, व्यंजनातून: ०.६६३ आणि ०.३३७. वरचं एका ओळीचं सूत्र लावा, स्वरांचा स्थिर वाटा = ०.६६३ भागिले (०.८७२ + ०.६६३) = ०.४३२. आणि प्रत्यक्ष मोजणी, ८,६३८ भागिले २०,००० = ०.४३१९. जुळतंच. जुळणं हा चमत्कार नाही, दोन्ही एकाच मोजणीतून निघालेत, पण "स्थिर अवस्था म्हणजे लांब पल्ल्यात त्या स्टेटमध्ये घालवलेल्या वेळेचा वाटा" हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

याच मॅट्रिक्समध्ये अजून एक गंमत आहे. तिरक्या खणांची बेरीज वजा १ = ०.१२८ + ०.३३७ − १ = −०.५३५, ऋण. म्हणजे आकडे एका बाजूने सरकत येत नाहीत, स्थिर आकड्याच्या वर-खाली उड्या मारत येतात. स्वरापासून सुरुवात केली तर पुढे स्वर असण्याची प्रोबॅबिलिटी १, ०.१२८, ०.५९५, ०.३४५, ०.४७८ अशी हेलकावे खात ०.४३२ कडे जाते. ग्राफ काढायला सांगितला आणि तुमचा झिगझॅग आला तर लगेच चुकलं असं धरू नका, आधी तिरके खण बेरजेत १ च्या खाली आहेत का बघा.

मागे जायचं असेल तर, म्हणजे मंगळवार दिलाय आणि सोमवार काढा म्हटलं तर, टीचा इन्व्हर्स वापरायचा. आपल्या टीचा डिटरमिनंट ०.७ × ०.८ − ०.२ × ०.३ = ०.५, म्हणून इन्व्हर्स असा:

[ १.६  −०.४ ]
[ −०.६  १.४ ]

मंगळवारचे २५० आणि २५० याला लावले की ३०० आणि २०० परत मिळतात. इन्व्हर्समध्ये ऋण आकडे दिसले म्हणून गांगरू नका, त्या प्रोबॅबिलिटी नाहीतच. पण अजून मागे जाऊन बघा, मजा येते: सोमवारच्या आदल्या शाळेच्या दिवशी ४०० आणि १००, आणि त्याच्याही आदल्या दिवशी ६०० आणि −१००. उणे शंभर मुलं सायकलवर! गणित बरोबर आहे, म्हणजे गोष्टच बसत नाही, इतक्या आधीपासून हा नियम चालू असूच शकत नाही. "हे मॉडेल मागच्या काळाला लागू का पडत नाही" या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर नाही.

तीन स्टेट असल्या तरी विचार तोच, फक्त लिहिणं वाढतं. एका लायब्ररीच्या अ, ब, क अशा तीन शाखा, पुस्तक कुठूनही न्या आणि आठवड्याने कुठेही परत करा. अ मधून नेलेल्यांपैकी ६० टक्के अ मध्ये, ३० टक्के ब मध्ये, उरलेली क मध्ये येतात. ब मधून नेलेली २० टक्के अ मध्ये, ५० टक्के ब मध्ये, ३० टक्के क मध्ये. क मधून नेलेली १० टक्के अ मध्ये, ३० टक्के ब मध्ये, ६० टक्के क मध्ये.

[ ०.६  ०.२  ०.१ ]
[ ०.३  ०.५  ०.३ ]
[ ०.१  ०.३  ०.६ ]

एकूण ४०० पुस्तकं, सगळी दर आठवड्याला फिरतीवर असं समजा, स्थिर अवस्था काढा. तीन ओळींतून तीन समीकरणं मिळतात पण त्यांतलं एक फुकटचं असतं, इतर दोघांतूनच निघतं, म्हणून सगळ्यात सोपी दोन निवडा आणि तिसरं "एकूण ४००" घ्या. निवडताना जरा बघून निवडा. इथे मधली ओळ बघा, ०.३ अ + ०.५ ब + ०.३ क = ब, म्हणजे ०.३ (अ + क) = ०.५ ब. आणि अ + क म्हणजे ४०० − ब. झटक्यात ब = १५०. मग पहिली ओळ: ०.४ अ = ०.२ × १५० + ०.१ क, आणि क = २५० − अ, म्हणून ०.५ अ = ५५, अ = ११०, क = १४०. पडताळा न वापरलेल्या ओळीत करा, वापरलेल्यात नाही: ०.१ × ११० + ०.३ × १५० + ०.६ × १४० = ११ + ४५ + ८४ = १४०, बरोबर.

कधीकधी प्रश्नात "दर आठवड्याला अ मध्ये २० नवीन पुस्तकं येतात" असं शेपूट असतं. तेव्हा दर वेळी आधी टीने गुणायचं आणि मग नवीन मिळवायची, पुस्तकात सूत्र असंच असतं, पण वाक्यात नवीन पुस्तकं आधी आली असं असेल तर आधी मिळवा. महत्त्वाचं हे की आता टीचा थेट मोठा घात घेऊन उत्तर येत नाही, एकेक पायरी चालावी लागते. समजा ११०, १५०, १४० वर आपण होतो. पहिल्या आठवड्यानंतर १३०, १५०, १४०. दुसऱ्याला टीने गुणून १२२, १५६, १४२ आणि मग अ मध्ये २० मिळवून १४२, १५६, १४२. दर पायरीला एकूण बेरीज २० ने वाढतेय ना बघत राहा, ४००, ४२०, ४४०, ह्या तपासणीला दोन सेकंद लागतात.

आकडे नेहमी स्टेडी स्टेटला पोचतातच असं धरून चालू नका. प्रत्येक जण रोज हटकून बदलतोच अशी मॅट्रिक्स घ्या, तिरके खण ० आणि बाकीचे १. ३०० आणि २०० दुसऱ्या दिवशी २०० आणि ३००, मग परत ३०० आणि २००, असंच कायम. समीकरण सोडवलं तर २५०-२५० येतं, पण तिथून सुरुवात केली नाही तर गाडी तिथे कधीच पोचत नाही. म्हणून पुस्तकात "रेग्युलर" अशी अट असते: टीचा कुठला तरी एक घात असा हवा की ज्यात एकही खण शून्य नाही. टीमध्येच शून्य दिसलं म्हणजे रेग्युलर नाही असा निष्कर्ष काढू नका, वर्ग किंवा घन करून बघा, शून्य निघूनही जातं.

आणि तिरक्या खणात १ दिसला तर ती स्टेट म्हणजे आत गेलेला बाहेर येत नाही अशी, अ‍ॅब्सॉर्बिंग. इथे प्रश्न बदलतो, "शेवटी वाटा किती" नाही तर "शेवटी कुठे अडकणार" आणि "किती पायऱ्यांत". नाणं टाकायचं, छापा आला की एक गुण वर, काटा आला की एक गुण खाली, ० झाला की हरलो, ३ झाले की जिंकलो, सुरुवात १ पासून. मॅट्रिक्स चार बाय चारची होते, पण मोठा घात न घेताही सुटतं. १ वरून जिंकायची प्रोबॅबिलिटी एच१, २ वरून एच२ म्हणा. १ वरून पुढच्या फेकीत एकतर ० नाहीतर २, म्हणून एच१ = अर्धा × एच२. २ वरून एकतर १ नाहीतर थेट जिंकलो, म्हणून एच२ = अर्धा × एच१ + अर्धा. सोडवा, एच१ = १/३, एच२ = २/३. सरासरी किती वेळा नाणं टाकावं लागेल तेही याच पद्धतीने, फक्त दर ओळीत एक फेक मिळवायची, १ वरून लागणाऱ्या सरासरी फेकी ई१ आणि २ वरून ई२ म्हणा: ई१ = १ + अर्धा × ई२, ई२ = १ + अर्धा × ई१, दोन्ही २. कॅल्क्युलेटरवर टीचा ५० वा घात काढून पडताळा घेतलात तर १ च्या कॉलममध्ये सगळ्यात वर ०.६६६७, सगळ्यात खाली ०.३३३३ आणि मधे जवळजवळ शून्य दिसेल. काही कॅल्क्युलेटर तिथे शून्य न दाखवता १० चा उणे सोळावा घात असलेला आकडा दाखवतात, तो चिमुकला असतो, उत्तर लिहिताना त्याला शून्यच धरा.

कॅल्क्युलेटर वापरायचाच आहे तर टी एकदाच मेमरीत टाका आणि टाकल्यावर स्क्रीनवर परत वाचून घ्या. उत्तरपत्रिकेत नुसता शेवटचा आकडा लिहू नका, "टीचा चौथा घात × एस० =" इतकं तरी लिहा, म्हणजे आकडा चुकला तरी पद्धतीचे मार्क सहसा मिळतात. स्प्रेडशीटवर सराव करणार असाल तर घात-बित विसरा, एका ओळीत सोमवार लिहा, खालच्या ओळीत दोन सूत्रं टाका आणि ओढत खाली न्या, तीस ओळींत आकडे कसे स्थिरावतात ते सगळं दिसतं, मग सोमवारचे आकडे बदलून बघा, टी बदलून बघा, ०.७ चं ०.९५ (आणि ०.३ चं ०.०५) करा आणि स्थिर व्हायला किती जास्त ओळी लागतात ते मोजा.